हात दाखवला की गाडी थांबते

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. थंडीचे दिवस, ओसरीवर कलतं ऊन, मधात सूप, इकडे मी आणि तिकडे माझा साळा. आता एवढं आयुष्य पाहिल्यावर मी छातीठोक सांगतो, की 'नाही' म्हणायला माझ्या साळ्याइतका नालायक माणूस देवानं दुसरा घडवला नाही. माणसाला तर सोडाच, तो शेंगेलाही नाही म्हणत नव्हता. मी किडकी शेंग वरून पाहूनच बाजूला फेकतो. तो ती उचलायचा, उघडायचा, आतला एखादा धड दाणा सुपात टाकायचा आणि अळीला टरफलासकट अंगणातल्या झाडाखाली नेऊन ठेवायचा. मी म्हटलं, "तिले आता दूध पाजतं का?" तर म्हणे, "भाटवे, आत पाह्याच्या आधी फेकू नाही." आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं हा मोहगावला राहायला जाणार होता, कायमचा. फोनमधून भेटलेल्या एका बाईशी त्याचं चार माणसांत, चार हार घालून लग्न झालं होतं आणि सामान न्यायला तो दोन दिवस पांढुर्ण्याला परतला होता. उद्यापासून ह्या घरात मी एकटा. ते त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं, म्हणून आम्ही तुरीवर बोलत होतो.

साळा म्हटलं की लोकांना शिवी वाटते. माझ्या बाबतीत ती पहिली काही वर्षं शिवीच होती. माझ्या बायकोचा हा एकुलता एक धाकटा भाऊ. सारं आयुष्य सौंसरकडच्या प्रायव्हेट गाडीवर कंडक्टर होता. लग्न केलं नाही. काहून केलं नाही, हे कोणी विचारलं तर म्हणायचा, "रोज इतके लोक घरी पोचवाचे असते, आपल्या घरी जायले टाइम कोनाले हाय?" गाडीवर त्याचा एकच कायदा. रस्त्यावर कोणी हात दाखवला की गाडी थांबली पाहिजे. आत पाय ठेवायला जागा नसली तरी. "हात दाखवते म्हणजे त्यानं आपल्यावर भरोसा टाकला. भरोसा रस्त्यावर सोडून जाऊ नाही." पत्र्यावर एक थाप मारली की थांब, दोन मारल्या की चल. सारे ड्रायव्हर त्याच्या थापेला वैतागलेले. एकदा एक शेतकरी ज्वारीवरची पाखरं हाकलत हात हलवत होता, ह्यानं थाप मारून गाडी उभी केली. तो माणूस आधी गोंधळला, मग गोफण कमरेला खोसून चढला. म्हणे, आता थांबलीच हाय तर बजार करून येतो.

घरीही तीच तऱ्हा. आमच्या पोरीच्या लग्नात पंगतीत उभा राहून ओरडत होता, "मागं सरका, मागं सरका, मागं सारं खाली हाय!" मागं भिंत होती. त्याची बहीण, म्हणजे आमची ही, हसून हसून खाली बसली. तिला हसवणारा जगात तो एकच माणूस होता. माझं तोंड फाटकं. मी बोललो की ती रागवायची, तो बोलला की हसायची.

ही गेली तेव्हा तो तेरवीला म्हणून आला आणि राहूनच गेला. तेरवी झाली, पाहुणे गेले, मांडव गेला, ह्याची पिशवी खुंटीलाच. मी एकदा विचारलं, "तुले कुठं जायचं नाही का बे?" तर म्हणे, "गाडी लागली की जातो." दोन वर्षं त्याला गाडी लागली नाही. सकाळी मी चूल पेटवायचो, तो भाकरी थापायचा. भाकरी अशी, की एका बाजूनं सौंसर आणि दुसऱ्या बाजूनं नागपूर दिसावं. पण सांज झाली की तो ओसरीवर येऊन बसायचा आणि घरात दुसऱ्या माणसाचा खोकला ऐकू यायचा. ज्याचं माणूस गेलं त्याला कळेल, खोकला किती मोठी गोष्ट आहे.

फोनमधली भानगड केली माझ्या पोरीनं. ती नागपूरला असते. दिवाळीला आली आणि मामाला म्हणाली, "मामा, तुमचं नाव टाकू का ॲपवर? आता तुमच्या वयाचेही लोक असतात." मी म्हटलं, "म्हातारपणी भोंगळ व्हायचे धंदे हायेत हे." पण विचारलं त्याला होतं, आणि तो नाही कसा म्हणणार? म्हणाला, "टाक ना माय, तुयं मन नको मोडू."

ते ॲप ज्यानं बनवलं त्यानं म्हातारा माणूस कधी जवळून पाहिला नसावा. आधी जन्मसाल विचारलं. साल लिहायची सोय नाही, तर चरख्यासारखं एक चाक फिरवायचं आणि ते सुरू होते परवा जन्मलेल्या पोरापासून. माझा साळा अंगठ्यानं चाक मागं ढकलत बसला. जरा हात सुटला की चाक पुन्हा परवावर. चहा झाला, दुसरा चहा झाला, तेव्हा कुठं त्याचा जन्म झाला. मग आवड विचारली. ह्यानं 'प्रवास' वर बोट ठेवलं, खोटं काय होतं त्यात? तर त्याला दिसू लागले समुद्रात उभे असलेले, बर्फात लोळणारे, डोंगरावर हात पसरलेले लोक. "हे सारे कुठं जाऊन राहिले, भाटवे? कोनी वापस येताना दिसत नाही." मग विचारलं, कोणाला शोधता? पुरुष, स्त्री की सर्व. ह्यानं 'सर्व' दाबलं. म्हणे, प्रवासी म्हटल्यावर सारेच आले. त्यामुळे बैतुलकडचा एक रिटायर्ड मास्तर त्याला आजही सकाळी फुलाचं चित्र पाठवते आणि दोघं गुडघ्यावर बोलतात. चांगला माणूस आहे.

खरी गंमत पुढं. फोनवर एकेक चेहरा येते. पसंत असला तर उजवीकडे ढकलायचा, नसला तर डावीकडे. डावीकडे गेला तो गेला. हे पोरीनं सांगितल्यावर माझा साळा घाबरलाच. "म्हंजे हा रस्त्यावर उभा हाय, अन् मी त्याच्यापुढून गाडी नेऊ?" त्यानं आयुष्यात एकदाही डावीकडे ढकललं नाही. आला तो उजवीकडे. दाढीवाला आला, उजवीकडे. कुत्र्यासंग बाई आली, दोघंही उजवीकडे. शेवटी ॲपच थकलं. म्हणालं, आजची तुमची पसंती संपली, उद्या या. "गाडी भरली म्हणते," त्यानं मला समजावलं, "हे कबूल हाय. पर उभ्यानं तरी घ्याव का नाही?"

मी शेजारी बसून शिव्या द्यायचो आणि पाहायचोही. खोटं काहून बोलू? मला त्यात लबाडीचा वास यायचा. 'हो' चं बटन लिंबाएवढं, गुलाबी. 'नाही' चं अक्षर पांढऱ्यावर राखाडी, चष्मा पुसला तरी दिसू नये. मधेच एक पाटी येऊन बसे, ती बंद करायची फुली मुंगीएवढी आणि मुंगी हुकली की पैसे मागणारं पान. एक दिवस तर एका बाईचा चेहरा धुक्यात दाखवला आणि खाली लिहिलं, हिनं तुम्हाला पसंत केलं आहे, पैसे भरा आणि पाहा. माझा साळा त्या दिवशी खरा तापला. "बाईले पडद्यामागं बसवून तिकीट फाडून राहिले. जत्रेतला तंबू हाय का हा?" दुसऱ्या दिवशी एका नावाखाली घड्याळ फिरायला लागलं. चोवीस तासांत बोला, नाहीतर जोडी जाईल. तो म्हणाला, "सोयरीक काय दूध हाय का, नासाले?" आणि ॲप अंतर सांगायचं तेही सरळ रेषेत. समोरची व्यक्ती इतक्या किलोमीटरवर. कंडक्टरला हे सांगता? "मधात नदी हाय, वळसा हाय, फाटक हाय. ह्याची गाडी उडत जाते काय? जो अंतरच खोटं सांगते, तो मानूस काय खरा सांगन?" पण तरी सोडलं नाही. गाडी खटारा असली तरी आत बसलेले प्रवासी खटारा नसतात, असं त्याचं म्हणणं.

सगळ्यात मोठा तंटा झाला फोटोवरून. माझ्या साळ्याचा सांगण्यासारखा एकच फोटो. भाऊबीजेचा. आमच्याच ओसरीवर तो कंडक्टरची चामड्याची पिशवी अडकवून बसला आहे, कपाळावर टिळा, बाजूला त्याची बहीण. म्हणजे माझी बायको. ती फोटोवाल्याकडे पाहत नाही, भावाकडे पाहून हसते. त्यानं फोटो काढायच्या क्षणी म्हटलं असणार, मागं सरका. पोरीनं फोन घेऊन भिंतीवरच्या त्या फोटोचा फोटो काढला, काचेवर खिडकीची चमक आली तशीच राहिली, आणि तो ॲपवर टाकला. ॲपनं लगेच सांगितलं, फोटोत एकच चेहरा असू द्या. खाली कात्रीचं चित्र. पोरगी म्हणाली, "मामा, आईला जरा बाजूला... म्हणजे नुसतं तुमचं ठेवू."

माझा साळा उठून उभा राहिला. "बाईले कापाले सांगून राहिली तू?"

"मामा, कापायचं नाही हो, क्रॉप."

"तेच ते. मी कापत नाही."

जन्मात पहिल्यांदा तो कोणाला तरी नाही म्हणाला, तो तेव्हा. पोरीनं कात्रीवरचं बोट काढलं. मीही भिंतीकडे पाहत बसलो.

मग जे व्हायचं ते झालं. खऱ्या माणसाला ॲप निळी खूण देते. त्यासाठी फोनपुढं मान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा. ह्यानं वळवली, पण फोटोत चेहरे दोन, खूण काही मिळाली नाही. ज्या बाया बोलायला यायच्या त्या आधी फोटो पाहायच्या आणि मग ह्याची जी खरडपट्टी काढायच्या! "बायको शेजारी बसवून दुसरी शोधता, लाज नाही?" "त्या माउलीचा चेहरा पाहा, किती भोळी आहे." "पोलिसात देईन." माझी बायको भोळी होती हे मला कोणी आयुष्यात सांगितलं नव्हतं. प्रत्येकीला हा उत्तर द्यायचा, ती माझी बहीण आहे, आणि सवयीनं खाली सौंसरच्या गाड्यांच्या वेळा लिहायचा, कोणाला यायचं असलं तर. कोणी विश्वास ठेवत नव्हतं. मग ॲपनं फोटोच काढून टाकला, नियमात बसत नाही म्हणून. ह्यानं पुन्हा टाकला. त्यांनी पुन्हा काढला. त्यांनी उतरवायचं, ह्यानं चढवायचं, असं पंधरा-वीस दिवस चाललं. मी म्हटलं, "सोड ना बे." आतून मात्र मला वाटायचं, नको सोडू. त्या फोनमध्ये ती अजून कोणाला तरी दिसते आहे, कोणी तरी तिच्यावरून भांडते आहे, हे मला बरं वाटायचं. भिंतीवरच्या फोटोवरून कोण भांडते?

असाच एकदा फोटो चढलेला असताना, उतरवायच्या आधी, मोहगावहून एक ओळ आली. ॲपनं लावलेल्या घड्याळाचा टाइम संपत आला होता तेव्हा आली. लिहिलं होतं, "बाजूच्या तुमच्या बहीण का? नाक सारखं आहे."

आमच्या हिचं नाक राघूच्या चोचीसारखं. साळ्याचंही तेच. इतक्या लोकांनी तो फोटो पाहिला, निळ्या खुणेच्या मशीननं पाहिला, नाक कोणाला दिसलं नाही. साळा ती ओळ घेऊन माझ्याकडे आला. फोन माझ्या हातात दिला आणि भाकरी थापायला गेला. ती भाकरी त्या दिवशी गोल झाली.

बाई चक्कीवाली. नवरा गेला तेव्हापासून पिठाची चक्की स्वतः चालवते. तिचाही फोटो ॲपच्या नियमात न बसणारा. भुवयांवर पीठ, मागं पट्टा, आणि कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा. बाकीचे सारे चेहरे सनमायका लावल्यासारखे गुळगुळीत, आणि ही अशी. तिच्या लेकीनं नाव टाकलं होतं, आमच्या पोरीसारखंच. मी साळ्याला बजावलं, "पाहून घे, फसवनूक असन." तो म्हणाला, "तुमी चाला संगं." म्हणून सौंसरच्या बसस्टँडवर आम्ही दोघं जाऊन बसलो. त्यानं खाकी शर्ट घातला होता, इस्त्रीचा. येणाऱ्या प्रत्येक गाडीला उठून उभा राहत होता. ती आली. मोठ्या हाडाची, हातात पिशवी, आवाज चक्कीवर बोलून बोलून चढलेला.

आली ती आधी माझ्याकडे वळली. "फोटोतल्या बाई तुमच्या ना? कुठं हायेत?"

"गेली," मी म्हटलं. मला घुमवून बोलता येत नाही.

तिनं पिशवी खाली ठेवली. मग साळ्याकडे पाहून म्हणाली, "फोनमध्ये इतके मानसं पाह्यले मी. सारे एकटे. अन् साऱ्यायच्या खांद्यावर कोनाचा तरी हात. बांगड्याचा हात, नुसते बोटं. बायका कापल्या, पर हात राहून गेले खांद्यावर. एवढ्या साऱ्यायत यायनंच बहीन कापली नाही. म्हटलं, हा मानूस पाह्यला पायजे."

"ॲप म्हने तुमी जवळच राहता," साळा म्हणाला.

"त्याले काय जाते सांगाले? धक्के खात तर आपन आलो."

मी चहा सांगितला. तिनं पिशवीतून पिठाचा डबा काढून मला दिला. म्हणाली, ज्वारीचं हाय, बारीक दळलं, भाकरी तुटत नाही. म्हणजे ह्यानं तिला भाकरीचंही सांगितलं होतं. त्या क्षणी मला कळलं की माझा साळा जाणार. बाई खरी निघाली होती. खोटी निघाली असती तर मी आठ दिवस शिव्या दिल्या असत्या आणि सुखी राहिलो असतो.

तिला चक्की सोडून येता येत नव्हतं. गावाचं पीठ तिच्यावर होतं. म्हणून ह्यानंच जायचं ठरलं. ठरलं म्हणजे तिनं विचारलं, आणि ह्याला नाही म्हणता आलं नाही. पण जातो असं मलाही सांगता येईना. हार घालून झाले तरी माझ्यापुढं आला की पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभा. त्या सांजेला सूप निम्मं भरलं तेव्हा शेवटी बोलला. मान खाली, हातात शेंग.

"भाटवे, तुमी नाही म्हना. तुमी म्हटलं तर मी राहतो. तिले सांगतो, समजते ती."

अंगणात ऊन उतरलं होतं. सुपात हिरवे दाणे. आमची ही असती तर तिनं ह्या दाण्यांची भाजी टाकली असती, वांगं घालून, तिखटजाळ, आणि आम्हा दोघांची नाकं वाहिली असती. मला नाही म्हणता येते. सारं आयुष्य मी तेच म्हणत आलो. त्या एका वेळी माझ्या तोंडात नाही तयार होतं, पिकलेलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. ते नाक दिसलं.

मी सुपाच्या काठावर हात मारला. एकदा. मग आणखी एकदा.

दोन थापा. त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं हातातली शेंग उघडली, दाणे सुपात टाकले, आणि बाहीनं नाक पुसलं. "तिखटाचा वास येऊन राह्यला," म्हणाला. तिखट घरात कुठंच नव्हतं.

सकाळी थंडी होती. मी स्वेटर घालून, दाराला नुसती कडी लावून त्याला सोडायला रस्त्यापर्यंत गेलो. पिशवी, चामड्याची जुनी पिशवी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला भाऊबीजेचा फोटो. तो मीच भिंतीवरून काढून दिला होता. तो नको म्हणून राहिला होता, मी म्हटलं, "फोनात हाय माझ्या. पोरीनं टाकून देला." सोल्यांचं, म्हणजे त्या सोललेल्या तुरीच्या दाण्यांचं, गाठोडं त्याच्या काखेत, नव्या घरची पहिली भाजी. गाडी आली. कंडक्टर पोरगा त्याच्या हाताखाली शिकलेला, त्यानं सामान घेतलं. साळा चढला. आपल्याच जुन्या गाडीवर पहिल्यांदा प्रवासी म्हणून चढला, तर कुठं बसावं त्याला कळेना, दारातच उभा राहिला. गाडी हलली. गाडी पुढं गेली आणि मला वाटलं, काहीतरी करावं. म्हणून मी हात वर केला. निरोपाचा. सारे करतात तसा.

पत्र्यावर थाप वाजली. एकच.

गाडी थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढून काहीतरी म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही. मी चालत पोचलो. साळा दारात, हात पुढं केलेला.

"चढा."

"अबे, जा जा असा हात होता तो!"

"हात तो हात, भाटवे. चढा, लोक खोळंबले."

मी चढलो. आता थांबलीच होती तर. आत दोन जागा रिकाम्या होत्या, पण तो म्हणाला, "मागं सरका, मागं सारं खाली हाय," आणि आम्ही मागं जाऊन बसलो. पोरगा तिकीट फाडायला आला. "बाबाचं कुठलं?"

"माझ्यासंगचं," साळा म्हणाला.

मला घराची कडी आठवली, चुलीवर ठेवलेलं पाणी आठवलं. मी म्हटलं, "अन् वापस कसा येऊ बे मी?"

"तिकडं रस्त्यावर उभं राहाचं," त्यानं सोल्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं, "अन् हात दाखवाचा."

मग त्यानं वर हात करून पत्र्यावर दोनदा थाप मारली.